कोणतं खातं कशावर उभं आहे: डिजिटल पसारा आवरण्याच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

आवाका आधीच ठरवून टाकतो, नाहीतर हे काम कधी संपायचं नाही. इंटरनेटवरून स्वतःला पुसून टाकायचं नाहीये. ते जमत नाही आणि मला नकोही आहे, कारण कामासाठी कोणी शोधलं तर मी सापडायला हवा. करायचं ते एवढंच: माझ्या नावाची खाती कुठे कुठे पडून आहेत ते कळावं, आणि त्यातलं एखादं दुसऱ्याच्या हाती लागलंच तर त्याच्यापाठोपाठ बाकीची जाऊ नयेत.

या बाबतीत कोणालाही विचारलं की सल्ला मिळतो तो जुन्या पोस्ट चाळण्याचा. अमुक साली काय लिहिलं, कोणासोबतचा फोटो टाकला, ते आधी काढून टाक म्हणतात. माझ्या मते ते सगळ्यात शेवटचं काम. आधी कोणतं खातं कोणत्या मेलवर, कोणत्या नंबरवर उभं आहे ते पाहायचं. ते कळेपर्यंत काहीही डिलीट करायचं नाही.

११ जानेवारी

यादीला बसलो. नुसतं आठवून लिहायला घेतलं तर थोड्याच वेळात घोडं अडलं. मग मेलबॉक्सला कामाला लावलं. ‘वेलकम’, ‘व्हेरिफाय युवर ईमेल’, ‘युवर ऑर्डर’, ‘पासवर्ड रीसेट’, ‘अनसबस्क्राइब’ हे शब्द एकेक करून शोधले आणि निकाल सगळ्यात जुन्या मेलपासून वाचत आलो. आज ज्यांच्याकडून एकही मेल येत नाही नेमकी तीच खाती विसरलेली असतात, म्हणून जुन्याकडून वाचायचं. त्यानंतर ब्राउझरने साठवलेले पासवर्ड, फोनमधले ओटीपीचे एसएमएस, आणि ‘गूगलने साइन इन करा’, ‘फेसबुकने लॉगिन करा’ असं म्हणत जोडून घेतलेल्या ॲप्सची यादी. चारही ठिकाणी वेगवेगळी नावं निघाली.

तक्त्यात रकाने असे: साइट, कोणत्या मेलवर, कोणत्या नंबरवर, पासवर्ड विसरल्यावर काय मागते, आत काय साठवलंय (पत्ता, कार्ड, ओळखपत्र, फोटो), आणि काय करायचं. चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतोय, कारण त्यासाठी प्रत्येक साइटवर बाहेरून जाऊन ‘पासवर्ड विसरलात?’ दाबून बघावं लागतं.

१२ जानेवारी

यादी शंभराच्या वर गेली. काही नावांपुढे नुसती फुली मारली, कारण सेवाच उरलेली नाही. गूगलचं समाजमाध्यम ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं, सामान्य वापरकर्त्यांचं गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी.

मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमाचा किस्सा मात्र डोक्यातून जात नाही. सर्व्हर बदलताना लोकांनी चढवलेली जुनी गाणी, फोटो, व्हिडिओ गेले, हे २०१९ मध्ये जाहीर झालं. त्याच मायस्पेसमधून चोरीला गेलेली सुमारे ३६ कोटी खात्यांची लॉगिन माहिती त्याआधी तीन वर्षं, २०१६ मध्ये, विक्रीला आली होती. जपायला दिलेलं हरवलं आणि झाकायला दिलेलं बाजारात आलं. म्हणून साइट बंद पडली तरी तक्त्यातली ओळ खोडत नाही. तिथे वापरलेला पासवर्ड अजून दुसरीकडे चालतो का, ते बघायचं बाकी असतं.

१७ जानेवारी

आज तक्ता बाजूला ठेवून मोठ्या कागदावर नकाशा काढला. प्रत्येक खात्याचा एक गोल, आणि ‘याचा पासवर्ड विसरला तर किल्ली कुठून येते’ त्या दिशेने बाण.

हे का करतोय ते समजायला २०१२च्या ऑगस्टमध्ये ‘वायर्ड’ या तंत्रज्ञानविषयक मासिकाचा पत्रकार मॅट होनन याच्याबाबत घडलेलं प्रकरण पुरेसं आहे. हल्लेखोरांना हवं होतं त्याचं तीन अक्षरी ट्विटर नाव. ट्विटरवरून त्याची वेबसाइट, वेबसाइटवर त्याचा जीमेल पत्ता. जीमेलच्या रिकव्हरी (विसरलेला पासवर्ड परत मिळवण्याच्या) पानावर पर्यायी पत्ता अर्धा झाकून दाखवला होता, पण तो ॲपलचा आहे एवढं त्यावरून कळत होतं. ॲपलला फोनवर ओळख पटवायला बिलाचा पत्ता आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे पुरत होते. बिलाचा पत्ता त्याच्या डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, नोंदणीत उघडा पडला होता. राहिले चार आकडे. ते ॲमेझॉनच्या खात्यात दिसत होते, आणि ॲमेझॉनच्या खात्यात शिरायला दोन फोन लागले: पहिल्या फोनवर खात्याला एक नवं कार्ड जोडून घ्यायचं, दुसऱ्या फोनवर तेच कार्ड ओळखीचा पुरावा म्हणून सांगून नवा ईमेल जोडायचा. ॲमेझॉनवरून ॲपल, ॲपलवरून जीमेल, जीमेलवरून ट्विटर. होननने परत आत शिरू नये म्हणून जाताजाता हल्लेखोरांनी त्याचा फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप दुरूनच पुसून टाकला.

या सगळ्यात एकाही पासवर्डचा अंदाज बांधावा लागला नव्हता. प्रत्येक कंपनीचा नियम आपापल्या जागी ठीक वाटावा असाच होता. एकीला जे चार आकडे उघडे दाखवायला हरकत वाटत नव्हती, तेच दुसरी ओळखीचा पुरावा म्हणून मागत होती. पाणी मुरत होतं ते दोघींच्या मधल्या फटीत. त्या दोन कंपन्यांनी नंतर आपली पद्धत बदलली, पण अशा फटी जागोजागी असतात, आणि त्या दिसतात फक्त नकाशा काढल्यावर.

माझ्या नकाशात जवळपास सगळे बाण तीन गोलांपाशी येऊन थांबतात: मुख्य मेल, फोन नंबर, आणि विद्यार्थी असताना उघडलेला एक जुना मेल. मुख्य मेलचा रिकव्हरी पत्ता म्हणून तोच जुना मेल लावलेला आहे. त्या जुन्याची किल्ली कुठे?

१८ जानेवारी

जुन्या मेलच्या रिकव्हरी पानावर एका फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसले. ते माझे नव्हते. ताईला फोन लावला.

“ताई, तुझा तो जुना नंबर अजून चालू आहे का?”

“कधीच बंद केला रे. कंपनीच बदलली ना. का?”

“माझ्या जुन्या मेलला तोच लावलेला आहे.”

“मग आता तो ज्याच्याकडे असेल त्याला जाईल की तुझा ओटीपी!”

एका वाक्यात तिने प्रकल्पाचा गाभा सांगून टाकला. बंद केलेला नंबर काही काळ पडून राहतो आणि मग नव्या ग्राहकाला मिळतो. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांकडे नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले २५९ नंबर तपासले, तर त्यातल्या १७१ नंबरांना आधीच्या मालकांची खाती अजून जोडलेली होती. मेल पत्त्यांचंही तसंच. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेली नावं नव्या लोकांना द्यायला सुरुवात केली, आणि घेणाऱ्यांच्या इनबॉक्समध्ये आधीच्या मालकांचे मेल येऊन पडू लागले. गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकतं. तो पत्ता मात्र पुन्हा कोणाला देत नाही. प्रत्येक कंपनी एवढी काळजी घेईलच असं नाही. स्वतःच्या डोमेनवरचा मेल असेल आणि डोमेनचं नूतनीकरण राहिलं, तर तो पत्ता पैसे भरेल त्याचा.

जुन्या मेलचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सापडला, आत शिरता आलं. ताईचा नंबर काढला, माझा घातला. मुख्य मेलचा रिकव्हरी पत्ता बदलून एका नव्या, कुठेही न दिलेल्या पत्त्यावर नेला. आता बाण सरळ झाले.

२४ जानेवारी

पासवर्डचा दिवस. ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर तिन्ही पत्ते टाकून पाहिले. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने ती डिसेंबर २०१३ मध्ये सुरू केली. कोणत्या गळतीत आपला पत्ता होता, ते ती सांगते. माझ्या यादीत २०१३ची ॲडोबची गळती आहे आणि २०१२ची लिंक्डइनची. लिंक्डइनचे सुरुवातीला ६५ लाख पासवर्ड हॅश बाहेर आले होते (हॅश म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेली, सरळ उलट फिरवता न येणारी अक्षरमाळ). खरा आकडा दहा कोटींच्या पुढे आहे हे कळायला २०१६ उजाडलं. म्हणजे चोरी आणि ती कळणं यात चार वर्षं.

‘पासवर्ड तपासायला दुसऱ्या साइटवर पासवर्ड टाकायचा? आगीतून फुफाट्यात!’ असा आक्षेप एका मित्राने घेतला. रास्त आहे. पण तिथली युक्ती बघण्यासारखी आहे. पासवर्ड बाहेर जातच नाही. आपल्याच ब्राउझरमध्ये त्याचा एसएचए-१ हॅश काढला जातो, तो ४० अक्षरांचा. त्यातली पहिली पाचच अक्षरं सर्व्हरकडे जातात. सर्व्हर त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या गळक्या हॅशची उरलेली ३५ अक्षरं परत पाठवतो. शेकडो ओळी येतात, प्रत्येकीपुढे तो पासवर्ड किती वेळा गळाला तो आकडा. आपला हॅश त्यात आहे का ते आपल्याच मशीनवर जुळवलं जातं. सर्व्हरला कळतं ते एवढंच की त्या शेकड्यांपैकी एखादा, किंवा त्यातला एकही नाही. मी टर्मिनलमध्ये हाताने करून पाहिलं. एका जुन्या पासवर्डची ओळ आलेल्या यादीत होती, आणि पुढचा आकडा हजारांत होता. म्हणजे मला सुचलेलं ‘वेगळं’ कॉम्बिनेशन हजारो जणांना सुचलं होतं.

आता पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात साठवणारं ॲप, आणि प्रत्येक साइटला वेगळा, लांबलचक, न आठवणारा पासवर्ड. पाठ फक्त दोन ठेवायचे: मॅनेजरचा आणि मुख्य मेलचा. दर तीन महिन्यांनी बदलायचा नेम केलेला नाही. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेनेही २०१७ मध्येच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याविरुद्ध सल्ला दिला, कारण लोक मग शेवटचा आकडा एकाने वाढवतात.

१ फेब्रुवारी

दुसरं कुलूप. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेता येतो. ट्विटरचा तेव्हाचा प्रमुख जॅक डॉर्सी याचं खातं ऑगस्ट २०१९ मध्ये असंच गेलं होतं. त्यापेक्षा कोड बनवणारं ॲप बरं. ॲपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड फोन आणि सर्व्हर दोघेही एकाच गुपितावरून आणि घड्याळावरून काढतात, त्यात सिमचा संबंध नाही. मुख्य मेलला पासकी लावली, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्येच साठवलेली डिजिटल किल्ली. ती साइटच्या पत्त्याशी बांधलेली असल्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर चालतच नाही. बॅकअप कोड कागदावर, फोनपासून दूर.

८ फेब्रुवारी

जोडलेली ॲप्स तोडली. कोण्या काळच्या प्रश्नमंजूषा, ‘तुम्ही मागच्या जन्मी कोण होता’ छापाच्या. फेसबुकवरून गोळा केलेली माहिती राजकीय प्रचारासाठी वापरल्याच्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणातलं प्रश्नावलीचं ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनीच घेतलं होतं, आणि माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण ॲपला मित्रयादीही दिसत होती. ध्यानात ठेवायचं: इथून परवानगी काढली म्हणजे तिथलं खातं मिटलं असं नाही. ते तिथे जाऊन वेगळं मिटवावं लागतं.

१४ फेब्रुवारी

फोटो. वापरलेली सायकल विकायला मागे एक जाहिरात टाकली होती, ती अजून उघडी आहे. तिथला फोटो उतरवून त्याची एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतो ती नोंद, काढली. फोनचं मॉडेल, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, आणि खाली अक्षांश-रेखांश. अक्षांशात दशांश चिन्हानंतर चौथ्या स्थानाचा फरक म्हणजे जमिनीवर साधारण ११ मीटर. फोटोत तर त्याहूनही बारीक आकडे होते. नकाशात टाकले तर खूण थेट इमारतीवर पडली. जाहिरातीत मी पत्ता जाणूनबुजून लिहिला नव्हता.

अँटीव्हायरसवाला जॉन मॅकॅफी डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांपासून लपलेला असताना एका पत्रकाराने त्याच्यासोबतचा फोटो वेबवर टाकला आणि त्यातल्या अक्षांश-रेखांशांवरून तो ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. मोठी समाजमाध्यमं फोटो चढवताना ही माहिती सहसा काढून टाकतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर जाते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. छोट्या जाहिरातींच्या साइट, जुने ब्लॉग यांचा भरवसा नाही. कॅमेऱ्याची लोकेशन परवानगी बंद केली. जाहिरात काढली.

२१ फेब्रुवारी

मी काही वर्षं टोपणनावाने तांत्रिक प्रश्नांना उत्तरं लिहायचो. ती आणि माझं खरं नाव जोडता येतं का, हे बाहेरच्या माणसासारखं तपासलं. येतं. दुवा निघाला ग्रॅव्हॅटार. ही सेवा ईमेल पत्त्याचा हॅश काढून त्यावरून चित्र दाखवते, आणि तो हॅश चित्राच्या पत्त्यातच उघडा असतो. टोपणनावाची उत्तरं आणि खऱ्या नावाचे अभिप्राय एकाच मेलवरून गेले होते, म्हणून दोन्हीकडे तीच ३२ अक्षरं. वर्षानुवर्षं हा हॅश एमडी५ होता, आणि ईमेल पत्ते ओळखीच्याच साच्यातले असल्यामुळे अंदाज लावत लावत मूळ पत्त्यापर्यंत पोचणं अवघड नाही.

प्रोग्रॅमच्या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या प्रत्येक कमिटमध्येही (एकेका बदलाच्या नोंदीत) नाव आणि मेल कोरलेला असतो. इतिहास नव्याने लिहिता येतो, पण कोणी आधीच प्रत घेतली असेल तर ती तशीच राहते. पुढच्यासाठी, असा कोड ठेवायच्या गिटहब या साइटने दिलेला नो-रिप्लाय पत्ता (खरा मेल झाकणारा) लावला आणि मागचं सोडून दिलं.

टोपणनावासाठी आता वेगळा मेल. जुनं जोडलेलं जोडलेलंच राहील, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

२८ फेब्रुवारी

आता कुठे डिलीट. क्रम असा: माहितीची प्रत उतरवून घे, आतला मजकूर काढ, कार्ड आणि पत्ता काढ, मग खातं. आधी खातं मिटवलं तर मजकूर काढायचा हक्कच जातो. रेडिट या चर्चेच्या साइटवर खातं मिटवल्यावर लिहिलेलं तसंच राहतं, फक्त लेखकाच्या जागी ‘डिलीटेड’ येतं. गूगल टेकआउटची (गूगलमधली आपली माहिती उतरवून घेण्याच्या सोयीची) प्रत तयार व्हायला वेळ लागतो आणि उतरवण्याची लिंक साधारण आठवड्याने मरते, तेव्हा ती मागवून विसरायचं नाही. फेसबुकवर ‘डीॲक्टिव्हेट’ आणि ‘डिलीट’ या वेगळ्या गोष्टी आहेत. डिलीटनंतर ३० दिवसांत पुन्हा लॉगिन करून ते रद्द करता येतं, आणि त्यानंतर सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. त्या ३० दिवसांत फेसबुकने लॉगिन होणारं एखादं ॲप उघडायचं नाही.

जुना मेल मात्र मिटवायचा नाही. त्याच्यावर उभी असलेली सगळी खाती हलल्यावरही नाही. तो रिकामा, कुलूपबंद, आणि वरचेवर लॉगिन केलेला राहील.

७ मार्च

शोधनिकाल. दोन पानं नकोशी आहेत. पहिल्या साइटच्या चालकाला सरळ मेल केला, त्याने काढलं. मग गूगलच्या जुना मजकूर ताजा करण्याच्या फॉर्मवर लिंक दिली. दुसरी साइट उत्तरच देत नाही.

‘विसरलं जाण्याचा हक्क’ म्हणून जे बोललं जातं त्याची व्याप्ती नीट पाहिली. युरोपियन न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी मारिओ कोस्तेहा गोन्सालेस या स्पॅनिश माणसाच्या बाजूने निकाल दिला. १९९८ मधली, कर्जवसुलीच्या लिलावाची वर्तमानपत्रातली सूचना त्याच्या नावाने शोधल्यावर दिसत होती. निकालानंतरही वर्तमानपत्राचं पान जागेवरच राहिलं. नावाने शोधल्यावर गूगलने ते दाखवू नये, एवढंच ठरलं. आणि ज्या लिलावाची चर्चा त्याला नको होती, तो आता कायद्याच्या पुस्तकांत शिकवला जातो. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्यात, जो २५ मे २०१८ पासून लागू आहे, कलम १७ खाली खुद्द कंपनीकडूनच माहिती पुसून घेता येते, आणि तिला साधारण महिनाभरात उत्तर द्यावं लागतं. हा कायदा सगळ्यांना लागू नाही, पण कित्येक कंपन्या पुसण्याचा फॉर्म सगळ्यांसाठी एकच ठेवतात. म्हणून कायद्याचं नाव न घेता फॉर्म भरायचा, बहुतेक वेळा काम होतं.

दुसऱ्या पानाच्या मागे लागत नाही. नावाचं एक साधं पान स्वतःच्या डोमेनवर टाकलं: काय काम करतो, संपर्क कसा, चालू खात्यांच्या लिंक. शोधणाऱ्याला वर ते दिसलं की खालचं फार कोणी उघडत नाही.

२२ मार्च

खरेदीच्या एका साइटने खातं मिटवायला ओळखपत्राचा फोटो मागितला आहे. उघडताना फक्त मेल मागितला होता. आज जी माहिती त्यांच्याकडे नाही ती देऊन, जी आहे ती पुसून घ्यायची, हा उफराटा न्याय झाला. उत्तर लिहिलं: नोंदवलेल्या मेलवरूनच लिहितो आहे, तुम्ही त्यावर कोड पाठवा, मी तो परत सांगतो. दरम्यान खात्यातलं नाव, पत्ता, नंबर बदलून निरर्थक अक्षरं भरली आणि कार्ड काढून टाकलं.

गूगलच्या इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजरचं कामही आज केलं. खातं ३, ६, १२ की १८ महिने पडून राहिल्यावर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं ते तिथे ठरवता येतं, दहा जणांपर्यंत. मी बारा महिने आणि ताई. तिचा आत्ताचा नंबर तिच्याकडूनच विचारून घेतला.

४ एप्रिल

त्या साइटचा मेल: ‘आपले खाते काढण्यात आले आहे.’ ओळखपत्राचा विषय त्यांनी सोडून दिला. खातरजमा म्हणून बाहेरून ‘पासवर्ड विसरलात?’वर जाऊन माझा पत्ता टाकला. लाल अक्षरांत आलं: ‘या ईमेलचे खाते अस्तित्वात नाही.’

माझं काम झालं, तक्त्यातली ओळ हिरवी. पण हा संदेश चुकीचा आहे. कोणाचाही मेल टाकून त्याचं तिथे खातं आहे की नाही ते कोणालाही कळू शकतं. खातं असो वा नसो, ‘असे खाते असल्यास लिंक पाठवली आहे’ एवढंच एक उत्तर दोन्ही वेळी यायला हवं. तसं त्यांना कळवलं आहे. तक्त्यात अजून नऊ ओळी पिवळ्या आहेत.